स्टुलावर बसलेली पेशंट

हे मी रचलेलं नाही. रचायचंच असतं तर अमावस्येची रात्र घेतली असती, कुत्री रडवली असती, सगळा थाट केला असता.

हे भर दुपारी घडलं. पांढुर्ण्यात. मागच्या वर्षी पोळा आणि गोटमार होऊन गेली, त्याच्या पुढच्या आठवड्यात. डोक्याला पट्ट्या बांधलेली माणसं अजून चौकात चहा पीत उभी होती.

दवाखान्याचं नाव सांगणार नाही. ज्यांना ओळखायचं ते ओळखतील. ज्यांना राग यायचा त्यांना येऊ दे.

मी प्रणाली. घर सौंसरला, नोकरी नागपूरला. दवाखान्यात पेशंटची माहिती आता कॉम्प्युटरवर भरतात ना, ती सिस्टीम नर्सना वापरायला सोपी जाते की नाही, हे मी तपासते. नर्स कॉम्प्युटरवर बसते, मी तिच्या मागे बसून पाहते. ती कुठे अडते, कुठे चुकते, कुठे कपाळाला हात लावते, सगळं टिपून घेते.

या कामाचा एक पक्का नियम आहे. मध्ये बोलायचं नाही.

समोरची डोळ्यांदेखत चुकत असली तरी गप्प राहायचं. बोललं की चाचणी बाद.

मला बोलावलं होतं, कारण एक बाई गेली होती.

गोटमारीच्या दिवशी जाम नदीच्या या काठावरून पांढुर्ण्याची आणि त्या काठावरून सावरगावची माणसं एकमेकांवर दगड मारतात. त्या दिवशी इथले दवाखाने रक्तानं भरतात. त्याच गर्दीत सावरगावची गायत्री बाळंत व्हायला आली. मुलगी झाली, सुखरूप झाली. नंतर अश्विनी नावाच्या नर्सनं तिला एक इंजेक्शन दिलं.

थोड्या वेळात गायत्रीचा श्वास अडकला... आणि पुन्हा सुरू झालाच नाही.

अश्विनीला दुसऱ्याच दिवशी घरी बसवलं. नर्सचीच चूक, सगळ्यांनी ठरवून टाकलं. लोकांनी तिच्या घरासमोर येऊन शिव्या दिल्या. तिचे वडील देवीदासजी नगरपालिकेत शिपाई. ते दारात हात जोडून उभे राहिले. पोलिसांत गुन्हा नोंदवायचा की नाही, हे माझ्या रिपोर्टनंतर ठरणार होतं.

सिस्टीम बनवणाऱ्या कंपनीचा माणूस रोशन. गोड बोलणारा. त्यानं मला दारातच गाठलं.

"प्रणाली मॅडम, लोड नका घेऊ. सिस्टीम एकदम बरोबर आहे. स्टाफले ट्रेनिंगची गरज आहे, एवढं लिहून टाका. विषय संपला."

विषय संपवायची त्याला फार घाई होती. अशी घाई पाहिली की मला उलट आरामात बसावंसं वाटतं.

चाचणी त्याच खोलीत ठेवली, जिथे अश्विनीनं गायत्रीची माहिती भरली होती. बाळंतिणींच्या वॉर्डाला लागून लहानशी खोली. एक टेबल, कॉम्प्युटर, नर्सची खुर्ची, पेशंटसाठी लोखंडी स्टूल. मी कोपऱ्यात कॅमेरा लावला.

पेशंट म्हणून कुणीतरी बसायला हवं होतं. मी विजयमालाबाईंना सांगितलं. त्या तिथल्या जुन्या आया. म्हटलं, कुणालाही पाठवा, नुसतं समोर बसायचं आहे. खोट्या पेशंटची माहिती, मोबाईल नंबर तेवढा तिथल्याच एका जुन्या पेशंटचा, मी एका कार्डावर लिहून टेबलावर ठेवली होती.

ओपीडी संपली. दुपारचं जेवण झालं. दवाखाना सुस्तावला.

मी खोलीत आले तेव्हा स्टुलावर एक बाई आधीच बसली होती...

हिरवी साडी, डोक्यावर पदर, हातभर बांगड्या. हाताच्या मागच्या बाजूला सलाईनची पट्टी.

मला कौतुक वाटलं. विजयमालाबाईंनी अगदी पट्टीसकट पेशंट धाडली, म्हटलं. मी हसले. ती हसली नाही.

पहिली नर्स आली. खुर्चीत बसली. माहिती भरू लागली. मोबाईल नंबर टाकताच पडद्यावर एक चौकट आली. नर्सनं न वाचता "पुढे" दाबलं. ॲलर्जीच्या जागी "काही नाही" असं आधीच भरलेलं होतं. तेही तिनं तसंच सोडलं. मग औषध निवडलं.

तेवढ्यात स्टुलावरची बाई हळूच बोलली...

"बाई, मले हे सुई चालत नाही."

नर्सनं मान वर केली नाही. तिनं औषध नोंदवलं आणि उठून गेली.

मला संताप आला. समोर पेशंट सांगते आहे आणि ही पडद्याकडेच बघते? मी वहीत मोठ्या अक्षरांत लिहिलं, "स्टाफ पेशंटचं ऐकत नाही."

दुसरी नर्स आली. तीच चौकट, तेच "पुढे".

आणि परत...

"बाई, मले हे सुई चालत नाही."

हिनंही ऐकलं नाही. रोशनचं म्हणणं खरं आहे की काय, असं मला वाटायला लागलं. बोलावंसं वाटत होतं. पण नियम.

तिसऱ्या नर्सच्या वेळी एक गोष्ट लक्षात आली. बाईनं पदर सावरला, हात वर नेला, खाली आणला. कोपरापर्यंत बांगड्या होत्या.

आवाज झाला नाही.

आणि मग तिनं नर्सकडे नाही... माझ्याकडे मान वळवली.

"तुमी नुसत्या पाहूनच राहिल्या काय?"

माझ्या हातातला पेन थांबला. नर्स आपली टाइप करत होती.

दार उघडलं. विजयमालाबाई चहा घेऊन आल्या. दोन कप. एक नर्सला दिला, एक मला.

"आणि यांना?" मी विचारलं.

"कोणाले?"

"अहो, पेशंटला. तुम्ही पाठवलेल्या."

विजयमालाबाईंनी स्टुलाकडे पाहिलं, मग माझ्याकडे पाहिलं.

"मॅडम, मी तं कोणालेच धाडलं नाही. या खोलीत बसाले कोणी तयारच होऊन नाही राहिलं."

मी वळून पाहिलं...

स्टूल रिकामं होतं.

नर्सही गोंधळली. "मॅडम, इथं सुरवातीपासून कोणी नव्हतं. मी तं तुमच्या कार्डावरून भरून राहिली होती."

मी कॅमेऱ्यातलं चित्रण तिथल्या तिथे लावलं. नर्सचे हात दिसत होते. पडदा दिसत होता. कोपऱ्यात स्टूल, रिकामं. ते वाक्य तर कुठेच नव्हतं. ते यायला हवं होतं त्या जागी फक्त पंख्याची घरघर, आणि माझा खोकला.

खोटं कशाला बोलू? मी घाबरले. मी सामान गोळा केलं आणि सौंसरची बस पकडली. सौंसर येईपर्यंत खिडकीच्या बाहेर बघत राहिले. शेजारच्या सीटकडे बघायची हिंमत नव्हती.

घरी पोचले, तोच रोशनचा फोन.

"मॅडम, रिपोर्ट उद्या देऊन टाका ना. तसंही नर्सनं मान्य केल्यासारखंच आहे. रडूनच राहिली ते सारखी."

रडते म्हणजे मान्य केलं? माझी भीती कुठल्या कुठे गेली. डोकंच फिरलं. एका पोरीचं आयुष्य जाणार होतं आणि याला विषय संपवायचा होता.

"रिपोर्ट मी माझ्या वेळेनं देईन," म्हटलं आणि फोन आपटला.

दुसऱ्या दिवशी दुपारी मी परत त्या खोलीत गेले. एकटी. विजयमालाबाई म्हणाल्या, "काहून जाता मॅडम? जीव जड झाला काय?" म्हटलं, तुम्ही दाराशी बसा, मी हाक मारली तर या. त्या बसल्या, पण दाराकडे पाठ करून.

या वेळी मी मागे बसले नाही. नर्सच्या खुर्चीत बसले. कॉम्प्युटर चालू केला. कंपनीनं घाईघाईत खऱ्या सिस्टीमचीच नक्कल दिली होती, जुन्या पेशंटांच्या माहितीसकट. तसं द्यायचं नसतं. पण त्यांच्या घाईचा मला एवढा एक फायदा झाला.

रिकाम्या स्टुलाकडे बघून मी मोठ्यानं म्हणाले, "या. बसा. आज मी लिहिते. आणि आज मी बोलणार आहे."

काही झालं नाही. पंखा फिरत होता. वॉर्डात एक बाळ रडत होतं.

मग बाळ एकदम गप्प झालं...

फिनेलच्या वासात हळदीचा वास मिसळला. बाळंतिणीच्या अंगाला येतो तसा.

ती बसली होती.

मी की-बोर्ड जवळ ओढला. आणि विचारलं, "नाव सांगा."

"कोणतं सांगू? सासरचं का माहेरचं?"

मी की-बोर्डवर हात ठेवून तशीच बसून राहिले.

आमच्याकडे लग्नात तांदळात नाव लिहून नवरीचं नाव बदलतात. अजूनही बदलतात. माझ्या आत्यांची, मावश्यांची, सगळ्यांची दोन-दोन नावं. माहेरी एक, सासरी एक. आणि पहिलं बाळंतपण माहेरी.

"दोन्ही सांगा," मी म्हणाले.

"माहेरी सुचिता. सावरगावले आली तं गायत्री झाली."

"मोबाईल नंबर?"

"ह्यायचाच. घरात एकच हाय." तिनं नंबर सांगितला.

मी गायत्री लिहिलं. नंबर टाकला. तीच चौकट आली. इंग्रजीत. या नंबरवर आधीच पेशंट आहेत, पुढे जायचं का?

इकडे एका घरात एकच फोन. सासरा, सासू, जावा, पोरं, सगळ्यांची नोंद त्याच नंबरवर. म्हणजे ही चौकट दिवसभर, प्रत्येक पेशंटला येत असणार. कोण वाचेल? मीही आदल्या दिवशी वाचली नव्हती. आणि मला तर ते वाचायचेच पैसे मिळतात.

चौकटीच्या खाली, एका कोपऱ्यात, फिक्या अक्षरांत आणखी एक बटण होतं. "यादी पाहा."

मी ते दाबलं.

नवरा. सासू. त्या दिवशीची गायत्री. आणि सुचिता. जन्मतारीख तीच, नवरा तोच. पहिलं बाळंतपण याच दवाखान्याच्या सौंसरच्या शाखेत. आत लाल अक्षरांत लिहिलं होतं, इंजेक्शननं रिॲक्शन आली, पुन्हा देऊ नये.

तेच इंजेक्शन.

आणि गायत्रीच्या नावावर, "काही नाही." ते कुणी लिहिलं नव्हतं. सिस्टीमनं स्वतःच भरून ठेवलं होतं. न विचारता.

माझ्या डोळ्यांत पाणी आलं. मी विचारलं, "तुम्ही त्या दिवशी सांगितलं नाही?"

"मले कोणी इचारलंच नाही. नाव सासूनं सांगतलं. मी कळा देऊन राहिली होती... मंग ग्लानीच आली."

मग ती म्हणाली, "ते नर्स पोरगी वाईट नाही. तिनं माह्या केसावरून हात फिरवला. तिले काहून तरास देऊन राहिले?"

मी मान वर केली. स्टूल रिकामं.

दाराबाहेरून विजयमालाबाईंचा आवाज आला. "मॅडम... तुमी इतक्या वेळच्या कोणासंग बोलून राहिल्या?"

खात्री करायला मी तिच्या माहेरी गेले. मोहगावला. आई केसरबाई ओसरीत नातीला वाटीतून दूध पाजत होत्या. भिंतीवर फोटो होता. हार घातलेला.

तीच.

"पयल्या खेपेले सुई लावली तं अंगभर गांधी उठल्या होत्या," केसरबाई म्हणाल्या. "डोये सुजले होते. डॉक्टरनं कॉम्प्युटरात लिहून घेतलं, म्हणे आता कुठंई गेली तरी दिसते. आमी बेफिकीर झालो."

मी त्यांना सांगायचं नाही असं ठरवून गेले होते. पण माझा चेहरा काही लपवता येत नाही. त्यांनी वाटी खाली ठेवली.

"तुमाले दिसली काय सुचिता?"

मी भिंतीवरच्या फोटोकडे पाहिलं.

"मले काहून नाही दिसत मंग?"

मी त्यांच्या पाया पडले आणि निघाले. रस्ताभर रडले, आणि रडता रडता रिपोर्ट मनात लिहिला.

बैठक दोन दिवसांनी झाली. दवाखान्याचे मोठे डॉक्टर, ट्रस्टचे लोक, रोशन. जागा म्हणून मी त्याच खोलीचा हट्ट धरला. अश्विनीलाही बोलावलं. ती दाराशी उभी राहिली, ओढणीचं टोक बोटाला गुंडाळत.

मी सगळं मांडलं. दोन नावं, एक नंबर, चौकट, आपोआप भरलेलं "काही नाही".

रोशन हसला. "पण मॅडम, सिस्टीमनं तं चौकट दाखवली ना? वाचाची कोणाची जबाबदारी होती? डोळे उघडे ठेवून काम केलं तं असं होतच नाही."

डॉक्टरांनी मान हलवली. अश्विनीची मान खाली गेली.

आता मात्र मी खुर्ची मागे ओढली. "सर, मग तुम्हीच करून दाखवा. तुमची सिस्टीम, तुमचे डोळे. बसा."

"हे काय पोरखेळ..."

"भीती वाटते का?"

सगळे बघत होते. तो बसला. मी चाचणीचं तेच कार्ड दिलं. तो झरझर भरू लागला, मला दाखवायचं होतं त्याला. नंबर टाकला. चौकट आली...

त्यानं "पुढे" दाबलं. न वाचता.

त्याच्या लक्षातही आलं नाही. ॲलर्जी, "काही नाही". औषध निवडलं. आणि मग...

वैतागून, पडद्यावरची नजर न काढता, त्यानं डावा हात स्टुलाच्या दिशेनं वर केला.

"हो हो बाई, एक मिनिट थांबा ना. आधी हे भरू द्या."

पंख्याची घरघर तेवढी ऐकू येत होती.

स्टूल रिकामं होतं. मलासुद्धा तिथे कुणी दिसत नव्हतं.

दाराशी उभी असलेली अश्विनी एक पाऊल आत आली. इतक्या दिवसांत पहिल्यांदा तिचा आवाज फुटला.

"सर... कोणाले थांबा म्हणून राहिले तुमी?"

रोशननं मान वळवली. स्टुलाकडे पाहिलं. त्याच्या चेहऱ्याचा रंग उतरताना मी पाहिला. तो उठला, खुर्ची पाडून, आणि बाहेर गेला. त्याची बॅग तिथेच राहिली.

त्या खोलीत नेमकं काय झालं, यावर नंतर कुणीच बोललं नाही. डॉक्टरांनी रिपोर्ट मागून घेतला आणि सही केली. अश्विनीवरचा आरोप गेला. ती कामावर परत आली. तिथली ती चौकट आणि आपोआप भरलेलं "काही नाही" कंपनीला बदलावं लागलं. माझ्या रिपोर्टात स्टुलाबद्दल एक शब्द नाही. गरजच नव्हती. खरं होतं ते कॉम्प्युटरवर सगळ्यांना दिसेल असं होतं, आणि मी ते कुणाला पुसू दिलं नाही. कंपनीनं आमच्या ऑफिसला दिलेलं काम काढून घेतलं. घ्या म्हटलं.

इथेच संपलं असतं तर मी हे लिहिलंही नसतं.

गेल्या आठवड्यात रोशनचा फोन आला. इतक्या महिन्यांनी. तो दुसऱ्या राज्यात होता. तिथल्या एका मोठ्या दवाखान्यात हीच सिस्टीम चालते, चांगली दोन वर्षं झाली. चौकट तीच. "काही नाही" तेच. पांढुर्ण्यात जे बदललं ते तिथे कुणी बदललेलं नाही.

त्याचा गोड आवाज पार गेला होता. कुजबुजत होता.

"मॅडम, ते इथंई आली."

"कोण?" मी विचारलं. माहीत असून विचारलं.

"हिरव्या साडीवाली. स्टुलावर बसून हाय."

"मग ऐका तिचं, सर. पळू नका. काय म्हणते ते ऐकून घ्या."

तो मग म्हणाला...

"ते काहीच म्हणून नाही राहिली. नुसती दाराकडे पाहून राहिली. मॅडम... बाहेरच्या बाकावर आणखी बाया बसून हायेत. मी नर्सले इचारलं, तं ते म्हणते, बाक रिकामा हाय."

फोन कटला. परत लावला, लागला नाही.

त्या दवाखान्यात कोण कोण गेलं, कशानं गेलं, मला माहीत नाही. कुणी विचारलं असेल असंही वाटत नाही. मला तिथे कुणी बोलावलेलं नाही. आत येऊ देतील की नाही, तेही सांगता येत नाही. घरचे म्हणतात, तुझं काय अडलं आहे?

उद्याच्या गाडीचं तिकीट काढलं आहे. भीती वाटते. तरी मी जाणार.